कवड्याच्या घराचं दार

"काका, त्या कुलपावर बोट ठेवा ना," समीर सर म्हणाले.

"कशाला?" तात्यांनी टॅबलेटवरची नजर न काढता विचारलं.

"कुलूप उघडायचा प्रयत्न होईल."

"आपल्याच घराचं कुलूप फोडायचं व्हय, सायेब?"

समीर सरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मुळात त्यांनी तोंड उघडायलाच नको होतं. प्लेटेस्टचा पहिला नियम हाच आहे की खेळणाऱ्याशी बोलायचं नाही. ज्याने आयुष्यात कधी गेम खेळला नाही असा माणूस आणायचा, त्याच्या हातात आपला अर्धाकच्चा गेम द्यायचा आणि मागे गप उभं राहायचं. तो कुठे अडतो, कुठे वैतागतो, ते बघायचं आणि लिहून घ्यायचं. हा नियम समीर सरांनीच आम्हाला शिकवला होता आणि दर वेळी तेच मोडायचे. बॉस आहेत, बोलणार कोण?

आमचं ऑफिस मारुंजीत आहे. खाली हार्डवेअरचं दुकान, वर आम्ही. हिंजवडीच्या काचेच्या इमारती खिडकीतून दिसतात, पण भाडं तिकडचं परवडत नाही. आम्ही मोबाइलवरचे रोल-प्लेइंग गेम बनवतो. म्हणजे असे गेम, ज्यात तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात शिरून खेळता. योद्धा व्हा, जादूगार व्हा, चोर व्हा. मी त्यातली लेखक. कोण कोणाशी काय बोलतं, कोणाचा बाप कोण, कोणी कुणाचा काटा काढला, हे लिहायचा मला पगार मिळतो. माझ्या आईला हे काम अजून कळलेलं नाही. बार्शीला ती सगळ्यांना "कंप्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते आणि विषय बदलते.

त्या गेमचा नायक होता कवड्या. सात घाटांच्या जादूच्या राज्यातला चोर. त्याच्या बोटांत अशी करामत की कुठलंही कुलूप त्याच्यापुढे टिकत नाही. ढगांमधल्या किल्ल्यावर तो कैदेत असतो. राक्षसाच्या खजिन्यातलं रत्न आणायला राजाला असाच माणूस हवा असतो, म्हणून त्याला सोडतात. इथून गेम सुरू.

पात्राच्या मागच्या आयुष्याला आम्ही बॅकस्टोरी म्हणतो. मी कवड्याला आधी अनाथ केलं होतं. गेममधले नायक बहुतेक अनाथच असतात. त्यात दुःखाचा भाग थोडा आणि हिशोबाचा जास्त. आई दाखवायची तर तिचं चित्र काढा, तिला चालवा, तिला आवाज द्या. अनाथ नायक स्वस्त पडतो.

पण आमचा आर्टिस्ट निलेश अडून बसला. निलेश इथल्याच, मुळशीतल्या चांद्याचा. पोरगा हुशार, हात सोन्याचा, पण एकदा फुरंगटला की दिवसभर हेडफोन काढायचा नाही. "चोराला घर नसतं का मॅडम?" असं म्हणून त्याने पहिल्याच प्रसंगात, किल्ल्यावरून उतरणाऱ्या वाटेवर, एक घर काढून टाकलं. कौलारू, बैठं, हिरव्या दाराचं. दारापाशी तुळस, भिंतीला टेकवलेलं टायर. "जादूच्या राज्यात टायर कुठून आलं रे?" मी विचारलं. तेवढं त्याने पुसलं. बाकीचं घर राहिलं. मीही मग कवड्याला घर दिलं, कागदावर.

राहिलं म्हणजे नुसतं चित्र राहिलं. त्या दारामागे काहीही नव्हतं. गेममध्ये चोर कुठल्याही बंद दारापुढे उभा राहिला की कुलपाचं चिन्ह आपोआप येतं, तसं इथेही यायचं. दाबलं तर "कुलूप फार जड आहे" अशी ओळ यायची. बाकीच्या सगळ्या टेस्टर्सनी ते दाबलं, ओळ वाचली आणि पुढे राक्षस मारायला निघून गेले. कुणालाच काही वाटलं नाही.

तात्या मात्र दारापाशी उभे राहिले ते उभेच.

हे तात्या म्हणजे निलेशचे सख्खे चुलते. पन्नाशीचे, काटक, पांढरा शर्ट इस्त्रीचा. मुळशी धरणाच्या काठावर एका रिसॉर्टमध्ये बागकाम आणि राखणदारी करायचे. शनिवार-रविवार तिथे गर्दी, त्यामुळे सुट्टी मधल्या वारी. टेस्टसाठी माणूस हवा होता, म्हणून निलेश त्यांना घेऊन आला. आल्या आल्या त्यांनी चपला बाहेर काढल्या, आणि पंखा चालू असताना कुणी तरी एसी लावला म्हणून आम्हाला झापलं.

"मग काय करताय काका?" समीर सरांनी विचारलं.

"थांबलोय."

"कशासाठी?"

"आतनं कुणीतरी यील की. भाकरतुकडा टाकंल. लांबनं आलाय गडी, कैदंतनं आलाय. तसाच कसा आत जाईल?"

समीर सर पुण्याचे, पण भाकरतुकडा त्यांनाही माहीत होता. आपल्याकडे कुणी लांबून, दुखण्यातून, संकटातून आलं की उंबऱ्याबाहेर थांबवतात. भाकरीचा तुकडा आणि पाणी त्याच्यावरून ओवाळून टाकतात आणि मगच आत घेतात. लागलेली दृष्ट, बाहेरची इडापिडा बाहेरच राहावी म्हणून. मी बारावीत हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा आईने मला असंच पायरीवर उभं केलं होतं. मला चक्कर येत होती आणि तिला तुकडा सापडत नव्हता.

समीर सर मग खरंच गप्प बसले. आम्ही तिघं मागे उभे. टॅबलेटवर कवड्या हिरव्या दारापुढे उभा. खुर्चीत तात्या बसलेले. दोघांपैकी कुणीही हलेना. खाली एक टेम्पो उलटा येत होता आणि त्याचं ते ट्यां-ट्यां तेवढं ऐकू येत होतं.

शेवटी तात्यांनी टॅबलेट हळूच टेबलावर ठेवला.

"घरात कुणी न्हाई वाटतं," ते म्हणाले. "कामाला गेली असत्याल. मी यीन परत."

चहा घेतला, सामोसा घेतला आणि गेले. मला काही लिहून घ्यायचं सुचलंच नाही. डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू?

निलेश गच्चीवर जाऊन उभा होता. मी मागोमाग गेले.

"ते घर तुमचं आहे," मी म्हणाले.

"व्हय. आणि माझ्यासाठी कवड्या म्हंजे तात्या."

मग त्याने सगळं सांगितलं. तात्या तरुणपणी इकडची गोडाऊनं फोडायचे. टोळी होती, पण कुलपाचं काम तात्यांचं. एका रात्री पोलीस घरी आले, तर तात्या घरात नव्हतेच. पोलिसांनी निलेशच्या वडिलांना, आप्पांना, सगळ्या आळीसमोर गाडीत घातलं. आप्पा म्हणजे भजनात पेटी वाजवणारा माणूस. दुसऱ्या दिवशी सोडलं, पण त्या दिवसापासून त्यांनी पेटीला हात लावला नाही. तात्या पकडले गेले, शिक्षा झाली, ते आत असतानाच आजी गेली. शिक्षा भोगून ते सुटले त्याला आता बरेच दिवस झाले. ते सरळ आहेत, कमावतात, पण चांद्याच्या घरात त्यांनी पाऊल ठेवलेलं नाही. त्यांचं नाव निघालं की आप्पा असतील तिथून उठून जातात. जेवत असले तर ताटावरून.

"आणि माझं लग्न हाय मॅडम," निलेश म्हणाला. "आप्पा म्हणतोय, तो मांडवात आला तर मी उठून जाईन. मला तात्यानं खांद्यावर बसवून पवायला शिकवलंय वो मुळा नदीत. त्याच्याबिगर हळद कशी लावून घेऊ?"

त्याच्या घरात मी काय करणार? माझ्या हातात फक्त गेममधलं दार होतं. मी खाली येऊन तडक समीर सरांच्या केबिनमध्ये गेले.

"दार उघडायचं," मी म्हणाले.

"डेमो तोंडावर आहे." डेमो म्हणजे जी कंपनी आमचा गेम बाजारात आणणार होती, तिला दाखवायचा नमुना. तो आवडला तर पुढचं काम, नाहीतर सगळ्यांनी नवीन नोकऱ्या शोधायच्या. "मागे खोली बनवायची, बाई बनवायची, ॲनिमेशन, आवाज. कोण करणार? आणि त्या दारापाशी थांबणार कोण? एकटे काका."

"एक माणूस थांबला म्हणजे दार चुकलंय."

"लॉजिक काय आहे हे?"

"लॉजिक नाही, डोकं फिरलंय माझं. तो तीन तोंडांचा राक्षस आहे ना, त्याचं एक तोंड कमी करा. तेवढ्या वेळात माझी बाई होते."

समीर सर हसले. वरून खडूस दाखवतात, पण माणूस आतून लोण्याचा आहे. त्यांनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. "ठीक आहे. दोन तोंडं. पण पब्लिशरने विचारलं तर तूच उत्तर द्यायचं."

मी त्या बाईसाठी पानभर संवाद लिहिला. कवड्याची आई, ती रडते, त्याला बोल लावते, मग माफ करते. दुसऱ्या दिवशी वाचला आणि माझी मलाच लाज वाटली. सगळा फाडला. दारात कोण एवढं बोलतं? एकच ओळ ठेवली: "आलास? थांब तिथंच, तुकडा ओवाळते."

आवाजासाठी मी निलेशच्या आईला बोलावलं. बोलावलं ते मुद्दाम, हे लपवत नाही. तिकडच्या बोलीतला बाईमाणसाचा खरा आवाज हवा, हे कारण खरंच होतं. पण तेवढंच कारण होतं असं मी म्हणणार नाही. निलेशला विचारलं, तर तो म्हणाला, "आई यील. तिला माझं हापिस बघायचंच हाय."

आमची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे मुळात अडगळीची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. निलेशच्या आई नवी साडी नेसून आल्या, डब्यात सगळ्यांसाठी घावन आणलं, आणि त्या गाद्या बघून म्हणाल्या, "हितं कोण आजारी हाय का?" मग माइकपुढे उभ्या राहिल्या.

"कोण आलंय म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"एक चोर आहे. कैदेतून सुटून घरी आलाय. बाहेर थांबलाय. तुम्ही आतून दार उघडताय."

त्यांनी निलेशकडे बघितलं. निलेश मान खाली घालून हेडफोनची वायर सोडवत होता, गुंता नसलेली. त्यांना सगळं कळलं. मी लिहिलेली ओळ त्यांच्या हातात होती, पण त्यांनी तिकडे पाहिलंच नाही.

"आला व्हय भावजी?" त्या म्हणाल्या. "थांबा तितंच. भाकरतुकडा टाकते."

बोलल्या आणि पदर तोंडाला लावला. मग त्याच म्हणाल्या, "चुकलं का वो? परत म्हणू?"

"नको," मी म्हणाले. "हेच."

आता अडचण अशी की गेममध्ये दार उघडणारी कवड्याची आई होती. आई मुलाला भावजी म्हणेल का? समीर सरांनी कपाळाला हात लावला. पण निलेशने रात्रीतून त्या बाईचे केस काळे केले, सुरकुत्या काढल्या, हातात हिरवा चुडा भरला, आणि मी बॅकस्टोरीतली एक ओळ बदलली. आईच्या जागी वहिनी आली. नवा आवाज आणण्यापेक्षा नातं बदलणं सोपं होतं.

जाताना निलेशच्या आई दारात घुटमळल्या. "ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नगंस रं," असं निलेशला म्हणाल्या. आणि घरी जाऊन रात्री जेवताना स्वतःच आप्पांना सांगून टाकलं. आप्पा ताटावरून उठून गेले. पुढचे काही दिवस घरात भांडीच वाजत होती म्हणे, माणसं बोलत नव्हती.

तात्या "परत यीन" म्हणाले होते, आणि आले. यावेळी मी समीर सरांना आधीच दम दिला होता. सगळे गप्प. कवड्या किल्ल्यावरून उतरला, वाटेला लागला, दारापुढे आला. कुलपाचं चिन्ह आलं. तात्यांनी त्याला हात लावला नाही. थांबले.

आतून कडी वाजली. हिरवं दार उघडलं.

"आला व्हय भावजी? थांबा तितंच. भाकरतुकडा टाकते."

तात्या खुर्चीत ताठ झाले. आवाज ओळखायला त्यांना क्षणभरसुद्धा लागला नाही.

"व्हय वैनी," ते टॅबलेटला म्हणाले. "थांबलोय."

पडद्यावर तुकडा ओवाळून टाकला गेला, पाणी सांडलं, कवड्या आत गेला. आत चूल, पाट, वाढलेलं ताट. एवढंच बनवायला वेळ मिळाला होता. तात्यांनी कवड्याला पाटापाशी नेलं आणि टॅबलेट मांडीवर ठेवून नुसते बघत बसले.

समीर सरांना राहवलं नाही. "काका, पुढे राक्षस आहे. दोन तोंडांचा."

"उद्या मारू की," तात्या म्हणाले. "आज ऱ्हाऊ द्या त्याला घरी."

निलेशच्या हळदीला आम्ही सगळं ऑफिस चांद्याला गेलो. घर बघितलं आणि मी हसलेच. तेच कौलारू घर, तेच हिरवं दार, तीच तुळस. टायरसुद्धा होतं. अंगणात मांडव, मांडवाला पाहुण्यांनी आणलेले आंब्या-जांभळीचे डहाळे बांधत होते. त्या गावात लग्नघरी असे डहाळे वाजतगाजत आणायची पद्धत आहे. आप्पा ओट्यावर बसले होते. फेटा, गंध, चेहरा दगडाचा. शेजारी पेटी होती, पण तिच्यावर कापड.

तेवढ्यात फाटकापाशी एक स्कूटर थांबली. मागे उंबराचा भलामोठा डहाळा बांधलेला. स्कूटरवर तात्या. वाजतगाजत वगैरे काही नाही, एकटेच. त्यांनी डहाळा उतरवला, फाटकाला टेकवून उभा केला.

"निल्याच्या मांडवाला आणलाय," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "ठेवतो आन् जातो."

निलेश अंगाला हळद लावलेला, पाटावर बसलेला. त्याला उठता येईना. त्याच्या आई दारात, हात पिठाचे. त्या आप्पांकडे बघत होत्या. सगळी भावकीच आप्पांकडे बघत होती.

आणि आप्पा उठले.

मला वाटलं, आता हा माणूस पोराच्या हळदीतून निघून जाणार. आप्पा ओटा उतरले, मांडवातून चालत फाटकाकडे आले, तात्यांच्या समोरून गेले, त्यांच्याकडे न बघता. उंबराचा डहाळा उचलला, खांद्यावर घेतला. मग घराकडे तोंड करून ओरडले, असे की शेजारच्या आळीत ऐकू जावं.

"अगं ए, भाकर आण की! किती येळ हुबा ऱ्हाईल त्यो?"

निलेशच्या आई धावल्या. त्यांच्या एका हातात तुकडा, दुसऱ्या हातात तांब्या, आणि रडं आवरत नाही म्हणून ओवाळताना अर्धं पाणी तात्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर. माइकपुढे म्हटलं होतं ते सगळं त्या विसरल्या. तात्यांनी चपला फाटकाबाहेर काढल्या आणि आत आले. समीर सर माझ्या शेजारी उभे होते. हळद लागली म्हणून डोळे चुरचुरतायत म्हणाले. त्यांना हळद लागलेली नव्हती.

दोघं भाऊ त्या दिवशी एकमेकांशी फारसं बोलले नाहीत. आप्पांनी एकदा "सुपारी घे" म्हटलं आणि तात्यांनी घेतली. संध्याकाळी पेटीवरचं कापड कुणी काढलं ते मी पाहिलं नाही, पण आवाज आला.

डेमो पास झाला. राक्षसाला दोनच तोंडं का, हे कुणीही विचारलं नाही. गेम बाजारात आहे, आमचे पगार चालू आहेत. दाराबद्दल मात्र तक्रारी येतात, सतत येतात. "पहिल्याच घराचं कुलूप उघडत नाही." "गेम दारापाशी हँग होतो." "बग आहे, दुरुस्त करा." समीर सर मधूनमधून म्हणतात, अगं, कुलूप दाबल्यावर उघडू दे की, काय बिघडतं? मी नाही म्हणते. दाराचं चित्र काढणं पाच मिनिटांचं काम असतं. मागे कुणीतरी उभं करणं हे खरं काम, आणि ते केल्यावर लोकांनी कुलूप फोडून आत जावं हे मला पटत नाही.

त्या तक्रारींना आम्ही एकच उत्तर पाठवतो. ते मीच लिहून ठेवलंय आणि बदलू देत नाही: "बग नाही. कुलपाला हात लावू नका. थोडं थांबा, आतून कुणीतरी येतंय."